तो हिरवा कोट आणि बाकीचं

आप्पांना मी ब्रिटनच्या मजूर पक्षाचा जुना नेता मायकल फूट याच्या कोटाचा फोटो दाखवला आणि त्यांनी कप इतक्या जोरात ठेवला की चहा बशीत सांडला. आप्पा नात्याने माझे कुणी नव्हेत. वडिलांचे सेवा दलातले सोबती. नव्वदीकडे झुकलेत, ऐकू कमी येतं, आठवतं मात्र सगळं. माझी भाची मँचेस्टरला शिकते. तिथल्या पीपल्स हिस्टरी म्युझियममध्ये कामगार चळवळीच्या वस्तू जपून ठेवल्यात, त्यांच्या संग्रहात हा गडद हिरवा कोट आहे. मी फूटवर काहीबाही वाचत असतो हे तिला ठाऊक, म्हणून तिने कौतुकाने फोटो पाठवला होता. कोटाची गंमत सांगून आप्पांना हसवावं एवढाच माझा बेत. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग हातभर लांब धरला आणि म्हणाले, "कोटाचं काय कौतुक सांगतोस? हाच ना तो, आम्ही आत होतो तेव्हा बाईंची बाजू घेणारा?"

हाच तो. आणीबाणीत त्याने इंदिराबाईंची बाजू घेतल्याचं मी वाचलेलं होतं, आणि वाचून पान उलटलं होतं. आप्पांनी ते पान कधी उलटलेलंच नाही.

कोटाची गोष्ट अशी. ८ नोव्हेंबर १९८१, रविवार. लंडनमध्ये युद्धात मेलेल्यांच्या स्मारकापाशी दरवर्षी होतो तो सोहळा. राणी, पंतप्रधान थॅचरबाई, सगळे काळ्या कपड्यांत, ताठ. आणि त्या रांगेत विरोधी पक्षनेता मायकल फूट: अडुसष्ट वर्षांचा, पांढरे केस भुरभुरलेले, जाड भिंगांचा चष्मा, अंगात आखूड हिरवा कोट. दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्रांनी जे धरलं ते कायमचं. रस्ते खोदणारे मजूर घालतात तसलं जाकीट म्हणे. त्याच्याच पक्षाचा एक खासदार म्हणाला, हा बेकार झालेल्या बिगाऱ्यासारखा दिसत होता. खरं तर तो कोट बायकोने, जिल क्रेगीने, हॅरॉड्समधून आणलेला, चांगला महागामोलाचा. राजमाता त्या दिवशी त्याला म्हणाल्या होत्या, अशा हवेला अगदी योग्य कोट घातलात. फूट ही गोष्ट पुढे रंगवून सांगायचा. पण कोण ऐकणार? टीव्हीवर तेव्हा एक बोलणारं बुजगावणं लहान मुलांत लोकप्रिय होतं. त्याचं नाव फूटला चिकटलं.

मला हा माणूस आवडतो तो त्याच्या घरामुळे. प्लिमथचे वडील आयझॅक फूट वकील, लिबरल पक्षाचे खासदार, मेथडिस्ट, आणि पुस्तकांच्या बाबतीत वेडे. घरात हजारो पुस्तकं. जिन्यात, न्हाणीघरात, माळ्यावर, माणसांनी पुस्तकांतून वाट काढत राहायचं. अशा घरात मुलं एकतर वाचनाचा धसका घेतात किंवा आयुष्यभर बोलत राहतात. फूटांची बोलत राहिली. डिंगल संसदेत गेला, ह्यू सायप्रसचा शेवटचा ब्रिटिश गव्हर्नर झाला, जॉन पुढे उमरावांच्या सभागृहात जाऊन बसला. मायकलला लहानपणापासून दमा आणि इसब. खाजवून कातडी सोललेली, धाप लागलेली, आणि तरी १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनियनचा अध्यक्ष. तिथवर तोही वडिलांसारखा लिबरलच. मग लिव्हरपूलला एका जहाज कंपनीत कारकुनी करायला गेला आणि त्या गोदीतली गरिबी पाहून मजूर पक्षात आला. चर्चा करून, ग्रंथ वाचून समाजवादी झालेले आपल्याकडे पुष्कळ. डोळ्यांनी पाहून झालेला, आणि तोही पुस्तकांच्या घरातला, म्हणून मला त्याचं अप्रूप.

पुढे तो पत्रकार झाला आणि एका विलक्षण माणसाच्या हाताखाली गेला. लॉर्ड बीव्हरब्रूक. कट्टर साम्राज्यवादी, वृत्तपत्रांचा सम्राट, समाजवाद्यांच्या दृष्टीने अगदी खलनायक. फूटचं त्याच्यावर वडिलांसारखं प्रेम जडलं. त्याच्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये असतानाच १९४० मध्ये, डंकर्कमधून फौजा परतल्यावर, फूट आणि दोन पत्रकार मित्रांनी चार दिवसांत एक पुस्तक लिहून काढलं, 'गिल्टी मेन'. हिटलरला चुचकारणारे आपले राज्यकर्ते कोण याची नावानिशी यादी. लेखक म्हणून छापलं 'केटो', जुन्या रोममधलं नाव. डब्ल्यू. एच. स्मिथसारख्या मोठ्या विक्रेत्यांनी ठेवायला नकार दिला, तेव्हा ते रस्त्यावर हातगाड्यांवरून खपलं. मंत्र्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा हा सव्वीस वर्षांचा पोरगा ज्याच्या पगारावर होता तो मालकही तेव्हा चर्चिलच्या मंत्रिमंडळात होता. आणि बीव्हरब्रूकही युद्धापूर्वी हिटलरशी जुळवून घ्या म्हणणाऱ्यांतलाच. यादीत तो नव्हता.

इथे मी थबकतो. माणूस एकदा आपला मानला की त्याचं वाईट दिसेनासं होणं, हा फूटचा स्वभाव तिथेच दिसतो.

असाच दुसरा आपला माणूस म्हणजे अन्यूरिन बेव्हन. वेल्सचा खाणकामगार, मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारा मंत्री. फूट त्याचा भक्त, चरित्रकार, आणि तो १९६० मध्ये गेल्यावर त्याच्या एबव्हेल मतदारसंघाचा खासदार. पण १९५७ मध्ये बेव्हन अणुबॉम्बच्या बाजूने बोलला तेव्हा फूट त्याच्याविरुद्ध उभा राहिला. 'ट्रिब्यून' साप्ताहिकात लिहिलं, मोर्चे काढले. दोघांत इतकं बिनसलं की बेव्हनने एकदा फूटच्या घरी संतापून एक उत्तम जुनी खुर्ची मोडली. म्हणजे आपल्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणता यायचं त्याला, अशक्य नव्हतं ते. त्याला फार यातना व्हायच्या एवढंच. पक्षाशीही असंच. विमानदलाच्या खर्चाला विरोधात मत दिलं म्हणून १९६१ मध्ये त्याला संसदीय पक्षातून काढलं, दोन वर्षांनी परत घेतलं. मग १९६३ मध्ये मोटारीला भीषण अपघात झाला. फासळ्या मोडल्या, पाय मोडला, कायमची काठी आली. आणि जन्माचा दमा गेला! डॉक्टरांना काय कळलं कोण जाणे. नंतर १९७६ मध्ये नागीण होऊन एका डोळ्याची नजर गेली. कोटाच्या त्या फोटोत तो वाकडातिकडा उभा दिसतो त्यामागे हे एवढं शरीर आहे.

साठी ओलांडेपर्यंत तो मंत्री झाला नाही. १९७४ मध्ये पंतप्रधान विल्सनने रोजगार खातं दिलं आणि सगळ्यांना वाटलं, भाषणं ठोकणारा हा माणूस आता फजीत होणार. झाला नाही. कारखान्यात काम करताना माणूस मरू नये, जायबंदी होऊ नये, यासाठी १९७४ चा कायदा त्याच्या काळात आला. पुढच्या वर्षीच्या कायद्याने बाळंतपणाच्या रजेचा हक्क दिला. ब्रिटनमध्ये आज कुणी बांधकामावर डोक्यावर टोप घालून चढतो तेव्हा त्याला फूट आठवत नाही. आठवावाच असंही नाही. कोट आठवतो.

सत्तेतल्या त्या वर्षांची शेवटची रात्र मात्र मी पुन्हा पुन्हा वाचतो. २८ मार्च १९७९. पंतप्रधान कॅलहनचं अल्पमतातलं सरकार, अविश्वासाचा ठराव, आणि एकेक मत गोळा करणारा सभागृह नेता म्हणजे फूट. त्यांचा एक खासदार, सर आल्फ्रेड ब्रॉटन, मरणाच्या दारात होता. रुग्णवाहिकेतून आवारात आणलं असतं तरी मत धरलं गेलं असतं. वाटेत त्याचा जीव जाईल म्हणून आणला नाही. समारोपाला फूट उभा राहिला आणि सरकार पडणार हे दिसत असताना त्याने सगळं सभागृह हसवलं. तरुण लिबरल नेता डेव्हिड स्टील याच्याबद्दल म्हणाला, हे उगवती आशा होते ते मधल्या कुठल्याही टप्प्याशिवाय थेट ज्येष्ठ मुत्सद्दी झाले. विरोधी बाकांवरची माणसंही खो खो हसली. मग मतदान. ३११ विरुद्ध ३१०. एका मताने सरकार गेलं, निवडणूक लागली, थॅचरबाई आल्या आणि पुढची अकरा वर्षं हलल्या नाहीत. ब्रॉटन आणखी काही दिवसच जगला. त्याला न आणण्याचा निर्णय मला राजकारणातल्या मोजक्या सभ्य गोष्टींपैकी एक वाटतो. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली होती, हेही नोंदवतो.

१९८० मध्ये मजूर पक्षाला नेता हवा होता. सगळ्यांचा अंदाज डेनिस हीली. फूट उभा राहायला तयार नव्हता. मित्र आले, युनियनवाले आले, जिलनेही भरीस घातलं. १३९ विरुद्ध १२९ मतांनी तो जिंकला, आणि जिंकताच घर फुटायला लागलं. जानेवारी १९८१ मध्ये रॉय जेन्किन्स, शर्ली विल्यम्स आदी चौघांनी वेगळी चूल मांडली. डावीकडून टोनी बेन उपनेतेपदासाठी हीलीविरुद्ध उभा राहिला. फूटने उभं राहू नको म्हणून परोपरीने विनवलं. बेन एक टक्क्याहून कमी फरकाने हरला, तोवर अख्खं वर्ष भांडणात गेलेलं. मिलिटंट नावाचा ट्रॉट्स्कीवादी गट पक्षात शिरला होता. ज्याला स्वतःला बंडखोर म्हणून पक्षाने एकदा बाहेर काढलं होतं, तो दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने काढणार? शेवटी १९८३ मध्ये त्यांच्या पाच म्होरक्यांना काढलं, तेही नाखुशीने.

आपल्याकडचे समाजवादी याच्या अगदी उलट. विचार किंचित वेगळा झाला की नवा पक्ष, नवं साप्ताहिक, नवं कार्यालय. जिवलग मित्रांनी दहा दहा वर्षं अबोला धरल्याच्या हकिकती आप्पांकडे ढिगाने आहेत. फूट मुंबईत किंवा पुण्यात असता तर त्याने सगळ्यांना एका सतरंजीवर बसवायचा प्रयत्न केला असता, आणि कुणीच उठून गेलं नसतं तर त्यालाच नवल वाटलं असतं.

जून १९८३ ची निवडणूक. अणुबॉम्ब एकतर्फी टाकून द्यायचा, युरोपातून बाहेर पडायचं, उमरावांचं सभागृह बरखास्त, उद्योगांचं राष्ट्रीयीकरण. पक्षाच्या जेराल्ड कॉफमनने त्या जाहीरनाम्याला इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी म्हटलं. फूट गावोगाव फिरला, काठी टेकत, केस उडवत, टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे न बघता समोरच्या माणसांशी बोलत. सभागृहं भरायची, टाळ्या पडायच्या. मतं पडली २७.६ टक्के, जागा २०९. थॅचरबाईंना ३९७. फॉकलंडच्या युद्धाचा वारा त्यांच्या शिडात होताच, आणि गंमत म्हणजे आदल्या वर्षी एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने बेटं घेतली तेव्हा शनिवारी भरलेल्या संसदेत त्या हुकूमशाहीविरुद्ध सर्वांत कडाडून बोलणाऱ्यांत फूट होता. बेटांवरच्या माणसांना वाऱ्यावर सोडू नका, म्हणाला. हुकूमशहा दिसला की 'गिल्टी मेन'चा तो पोरगा त्याच्यात जागा व्हायचा.

मग दिल्लीतला का दिसला नाही?

फूटचं भारतप्रेम दिखाऊ नव्हतं. तिशीच्या दशकात लंडनमध्ये कृष्ण मेनन इंडिया लीग चालवत होते, पुस्तकांच्या ढिगात आणि चहावर जगत होते, तेव्हापासून फूट त्यांच्या गोतावळ्यातला. भारताला स्वातंत्र्य द्या म्हणून तो लिहीत होता तेव्हा ते म्हणणं ब्रिटनमध्ये सोयीचं नव्हतं. नेहरू त्याचे आदर्श. पुस्तकं वाचणारा, तुरुंगात बसून इतिहास लिहिणारा पंतप्रधान म्हटल्यावर आयझॅक फूटचा मुलगा भारावणारच. त्या प्रेमाचा वारसा नेहरूंच्या मुलीकडे आपोआप गेला. १९७६ मध्ये, कॅलहनच्या मंत्रिमंडळात दुसऱ्या क्रमांकावर असताना, फूट भारतात आला, इंदिरा गांधींना भेटला आणि आणीबाणीच्या बाजूने बोलला. बेव्हनची पत्नी जेनी ली हिचं मतही तेच. ब्रिटनमधले इतर अनेक समाजवादी मात्र जयप्रकाशांच्या सुटकेसाठी धडपडले होते.

मी स्वतःला समजावायचे सगळे प्रयत्न केलेत. त्याला वाटलं असेल, या बाई गेल्या तर उजवे येतील. बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेला न जुमानणारी बाई त्याला आपल्यातली वाटली असेल. पाहुण्याला जे दाखवतात ते त्याने पाहिलं असेल: वेळेवर धावणाऱ्या आगगाड्या, स्वच्छ रस्ते, नम्र अधिकारी. पण तो पर्यटक नव्हता. तो पत्रकार होता, संपादक होता. ज्या देशात अग्रलेखाची जागा कोरी सोडून छापावं लागलं, तिथे सेन्सॉरकडे काय काय जातं हे विचारायला त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना, दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली होती. पुढे त्याही तुरुंगात गेल्या. त्या बाईंना भेटला असता तर फूटला त्या बेहद्द आवडल्या असत्या. दोघं ग्रंथांवर रात्रभर बोलली असती.

आप्पा तेव्हा येरवड्यात होते. तिथे त्यांना हवं असलेलं काही फार मोठं नव्हतं, ते सांगतात. जगात कुणाला तरी आपण आठवतोय, एवढं. सोशालिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या समाजवादी पक्षांच्या संघटनेतल्या, जर्मनीच्या विली ब्रँट आणि स्वीडनच्या पालमे यांनी जॉर्ज फर्नांडिसांच्या जिवाची काळजी व्यक्त केल्याचं कानोकानी आत पोचलं, तेव्हा बराकीत दोन दिवस वेगळं वातावरण होतं. आणि तशीच ही दुसरी बातमीही पोचली, की ब्रिटनच्या मजूर सरकारातला सगळ्यांत डावा मंत्री दिल्लीत येऊन बाईंचं बरं बोलला. आप्पा म्हणतात, "पोलिसांचा राग नव्हता रे. ते पोटासाठी. याचा आला." त्यांच्या तरुणपणी 'ट्रिब्यून'चे जुने अंक हातोहात फिरायचे. ज्याचे लेख वाचून माणूस समाजवादी झाला, त्यानेच तुरुंगाच्या दाराला बाहेरून कडी घातल्यासारखं त्यांना वाटलं.

मार्च १९७७ मध्ये बाई हरल्या. जनता सरकारने लंडनला उच्चायुक्त म्हणून कुणाला पाठवलं? ना. ग. गोरे. पुण्याचे नानासाहेब. गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांचा तुरुंग भोगलेले, पुण्याचे महापौर राहिलेले, आणि मराठीत अतिशय देखणं ललित गद्य लिहिणारे. ते १९७९ पर्यंत तिथे होते, आणि तीच वर्षं फूट सरकारातला क्रमांक दोनचा माणूस. दोघंही लेखक, दोघंही आयुष्याचा मोठा भाग विरोधी बाकांवर घालवलेले, दोघांच्याही पक्षांना फुटीची हौस. कुठल्या तरी समारंभात हातात पेला घेऊन ते समोरासमोर आले असणारच. मला त्या प्रसंगावर लिहायचा फार मोह होतो. नानासाहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. ते बहुधा 'गलिव्हर'वाल्या स्विफ्टबद्दल बोलले असते, कारण फूटचं स्विफ्टवर पुस्तक आहे.

१९९२ मध्ये फूटने संसद सोडली. ऐंशीच्या घरात तो बॉस्नियासाठी पेटून उठला. जिलबरोबर त्यावर चित्रपट केला, आपल्याच देशाच्या सरकारला भित्रं म्हटलं. 'संडे टाइम्स'ने १९९५ मध्ये तो केजीबीचा माणूस असल्याचं छापलं तेव्हा खटला भरला, भरपाई वसूल केली आणि त्यातले काही पैसे 'ट्रिब्यून'ला दिले. नव्वदाव्या वाढदिवसाला प्लिमथ अर्गाईल या त्याच्या लाडक्या फुटबॉल संघाने त्याची खेळाडू म्हणून नोंदणी केली, अंगरखा क्रमांक ९०. मार्च २०१० मध्ये गेला. मृत्युलेखांत कोट ठळक होता, १९८३ ठळक होतं. दिल्ली शोधावी लागते.

त्याची मला सर्वांत आवडणारी कामगिरी १९६९ ची. विल्सनच्या, म्हणजे स्वतःच्याच पक्षाच्या सरकारने उमरावांच्या सभागृहाच्या सुधारणेचं विधेयक आणलं होतं. सदस्य नेमण्याची सूत्रं पक्षश्रेष्ठींच्या हाती जाणार होती. फूट म्हणाला, व्हिपांनी निवडलेलं सभागृह म्हणजे षंढांचा जनानखाना. पलीकडच्या बाकांवरून एनॉक पॉवेल, ज्याच्याशी त्याचं बाकी कशावरही पटणं शक्य नव्हतं, त्याला येऊन मिळाला. दोघांनी शब्दाशब्दावर अडवलं, रात्री रात्री बोलले, आणि प्रचंड बहुमत असूनही सरकारला एप्रिलमध्ये ते विधेयक मागे घ्यावं लागलं. मी ती भाषणं वाचतो आणि हसत सुटतो. आणि मग आठवतं, की फूट ज्या वर्षी दिल्लीत आला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लोकसभेने ४२ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. न्यायालयांचे अधिकार छाटले, लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षं केली. राजापूरचे खासदार मधु दंडवते असल्या विधेयकाच्या कलमाकलमावर तासन् तास बोलू शकले असते. त्यांना २६ जून १९७५ लाच बंगळुरूत पकडलं होतं, संसदेच्या समितीच्या कामासाठी गेले असताना. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला होत्या. ती दोघं एकमेकांना पत्रं लिहीत होती, आणि ती पत्रंही आधी सरकार वाचत होतं.